लाल, पिवळा, निळा आणि चिंबोरीकाका

चिंबोरीकाका गावातल्या माणसांना फेजवरून ओळखत. आमच्याकडे निम्मं गाव पाटील आणि उरलेलं म्हात्रे, त्यामुळे आडनावाचा तसाही उपयोग नसतो. विजेच्या खांबावरून तीन फेज जातात. त्यांना लाल, पिवळा आणि निळा म्हणतात. साध्या घराला त्यांतला एकच मिळतो. कुठल्या घराला कुठला, हे काकांनी लाइनमन असताना स्वतः खांबावर चढून ठरवलं होतं आणि त्यातलं एकही घर ते विसरले नव्हते. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की विचारत, "कनचा पाटील? पिवल्यावरचा का निल्यावरचा?" मुलगी पिवळ्यावरची आणि मुलगा लाल्यावरचा निघाला की समाधानाने मान डोलवत. "बरा हाय. दोनी घरची लाइट एका वेलेस जानार न्हाय."

नाव त्यांना त्यांच्या मीटरवरून पडलं. तार न तोडता, न सोलता, नुसती कवेत घेऊन आतला करंट सांगणारं एक मीटर असतं. त्याला वर खेकड्यासारख्या दोन नांग्या असतात, बाजूचा खटका दाबला की त्या उघडतात. काकांच्या पट्ट्याला ते कायम लटकलेलं. मिठागरावरच्या बायकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकजण ओरडली, "आगो, यानं कमरेला चिंबोरी बांधलीय!" तेव्हापासून ते चिंबोरीकाका. त्यांना राग नव्हता. बाजारात खऱ्या चिंबोऱ्या घेताना कोळणीपुढे मीटर धरून ते म्हणत, "तुजी दोन दिवसान मरंल. माजी बारा वरसां जित्ती हाय."

मी काकांना लहानपणापासून पाहत होते, पण त्यांची खरी ओळख झाली ती मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आणि तीही बॅटरीच्या फोर्कलिफ्टमुळे.

रेवसच्या रस्त्यावर आमचं गोदाम आहे. आधी तिथे मिठागर होतं, मग वडिलांनी भाताची गिरणी घातली, गिरणी बंद पडल्यावर मी पत्रे चढवून गोदाम केलं. बिस्किटं, फरसाण, नूडल्स, शीतपेयं असा पाकीटबंद खाण्याचा माल आमच्याकडे उतरतो आणि तिथून अलिबाग, काशीद, मुरूडपर्यंतच्या दुकानांत जातो. एका मोठ्या कंपनीने सांगितलं, किनाऱ्याचा सगळा माल तुमच्याकडे ठेवू, पण गोदामात डिझेलची फोर्कलिफ्ट चालणार नाही. खाण्याच्या मालावर धूर नको. बॅटरीच्या तीन गाड्या घ्या, त्या चार्ज करायची सोय करा, तीन आठवड्यांनी आमचा माणूस तपासायला येईल. तपासणीत पास झालात तर काम तुमचं. नाही तर पेणच्या बाजूला दुसरं गोदाम बघून ठेवलेलं आहे.

माझा भाऊ दिनेश तेव्हा वेगळ्याच विचारात होता. त्याला गोदाम पाडून लग्नाचं लॉन करायचं होतं. "ताय, मुंबईची लोकां इथं येऊन लग्नां करतात. नुसतं गवत लावायचं आणि बसून राहायचं." बसून राहणं हा दिनेशचा आवडता उद्योग. तो मला म्हणाला, कंपनीचं काम मिळालं तर गोदाम ठेवू. नाही मिळालं तर लॉन. मी हो म्हटलं. गोदामात सोळा माणसं कामाला होती, त्यातली नऊ बायका. लॉनवर त्यांना ताटं उचलायला ठेवलं असतं, तेही हंगामापुरतं. त्यामुळे हे काम मला हवंच होतं.

गाड्या आल्या. आता प्रश्न चार्जरचा. चार्जर विकणारा नवी मुंबईहून आला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊच नका. सिंगल फेजचे तीन चार्जर देतो. स्टॉकमध्ये आहेत, परवा लावून देतो. घरचा एसी लावतो तसं. प्लग टाका नि भूल जाव." तीन फेजचे चार्जर त्याच्याकडे नव्हते, मागवले तर पाच आठवडे. माझ्याकडे तीन आठवडे. हिशेब सरळ होता, मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. पण आमची सुगंधा मध्ये बोलली. सुगंधा आमची फोर्कलिफ्ट चालवते. नवरा ट्रकवर, ही फोर्कलिफ्टवर, आणि दोघांत गाडी मागे घ्यायला हीच बरी. ती म्हणाली, "ताई, एकदा चिंबोरीकाकांना तर विचारा."

काका निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आले, आणि आल्यापासून तीन दिवस त्यांनी चार्जरचं नाव काढलं नाही. मी टॅबवरचे फोटो दाखवले तर म्हणाले, "नवरदेव मागून बघू. आधी सासर बघू दे." दाराजवळच्या मीटरपेटीसमोर खुर्ची टाकून बसले. सकाळी सातला, दुपारी दोनला, संध्याकाळी सातला तिन्ही फेजचं व्होल्टेज वहीत लिहायचं, मधल्या वेळात चहा प्यायचा. मी म्हटलं, काका, एकदा मोजलंत ना, मग पुन्हा पुन्हा काय? ते म्हणाले, "बाय, मानूस दुपारी कसा वागतो ता बघून सोयरीक करतंस का तू? संध्याकाळी सातला बघ. तवा खरा कलतो."

संध्याकाळी सातला खरोखरच कळलं. सकाळी तिन्ही फेजवर दोनशे तीसच्या आसपास. संध्याकाळी लाल्यावर दोनशे वीस, पिवळ्यावर दोनशे दहा आणि निळ्यावर एकशे ऐंशी. काकांनी कारणही सांगितलं. ते निवृत्त झाल्यावर गावात जी होमस्टे झाली, ती नव्या लाइनमनने झाडून सगळी निळ्यावर टाकली होती, कारण ती तार शिडीला जवळ पडायची. "निल्यावर एश्टीसारकी गर्दी हाय," ते म्हणाले आणि त्या लाइनमनच्या शिडीचा उद्धार केला.

पण नुसत्या मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. चौथ्या दिवशी मला घेऊन तीन घरी गेले: एक लाल्यावरचं, एक पिवळ्यावरचं, एक निळ्यावरचं. प्रत्येक घरात थेट स्वयंपाकघरात बसायचे आणि घरच्या बाईला विचारायचे, गेल्या महिन्यात लाइट किती वेळा गेली? पुरुषांना विचारत नसत. "बापयांना म्याच चालू असंल तरच लाइट गेलेली कलतं. बायकांना मिक्सरवर कलतं." लाल्यावरची यशोदाकाकू म्हणाली, दोनदा. पिवळ्यावरची म्हणाली, पाच-सहा वेळा, नारळाची झावळी पडली की जाते. निळ्यावरचीने काकांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि म्हणाली, "आधी माझा फ्रिज दुरुस्त करून द्या, मग विचारा."

घरी येताना वाटेत त्यांनी मला सगळा मामला समजावला, आणि तो मला पहिल्याच वेळी कळला, जे माझ्या बाबतीत क्वचित घडतं. सिंगल फेजचा चार्जर सगळं खाणं एकाच तारेतून ओढतो, एकेक चार्जर तीस अँपियर. तोच तीन फेजचा असेल तर तिन्ही तारांतून दहा-दहा घेतो. "गोनी एक, भाऊ तीन. एकाच्याच डोक्यावर क्याला?" ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्या घरी एकच भाऊ आहे आणि तोही उचलत नाही. काका इतके हसले की त्यांना रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. शिवाय व्होल्टेज पडलं की चार्जर ढिला पडतो. रात्रभर लावूनही बॅटरी अर्धपोटी राहते, आणि अशी रोज अर्धपोटी राहिलेली बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते.

"म्हणजे तिन्ही चार्जर तीन फेजचेच घ्यायचे?" मी विचारलं.

"न्हाय," काका म्हणाले. "ता पुस्तकान. इथं न्हाय. इथं झावली पडली का एक फेज जातो, आनि तीन फेजचा चार्जर तवाच बंद पडतो. मंग तिनी गाड्या उभ्या. दोन घे तीन फेजचे, एक घे सिंगल, आनि ता लाल्यावर टाक. लाल्याचा भरवसा हाय."

चार दिवस खुर्ची टाकून आणि तीन घरचा चहा पिऊन निघालेलं हे उत्तर होतं. मी आजवर डझनभर तज्ज्ञांची मतं घेतली असतील, कुणीच स्वयंपाकघरापर्यंत गेलेलं नाही.

गोदामाचा विजेचा मंजूर भार वाढवायचा अर्ज द्यायलाही तेच माझ्याबरोबर आले. वीज कंपनीच्या ऑफिसातला इंजिनियर त्यांना बघून ताडकन उभा राहिला. नोकरीला लागला तेव्हा काकांनीच त्याला काम शिकवलं होतं. काका म्हणाले, "बस बस. खांबावर कवा उभा न्हाय राह्यलास, खुर्चीवर कनाला उभा ऱ्हातंस?" सगळं ऑफिस हसलं. मला वाटलं, आता आमचा कागद आजच्या आज पुढे सरकणार. तर काकांनी तो सगळ्यात खाली ठेवायला लावला. "आमच्या आधी दिलेल्यांचा आधी. मी असताना कुनाचा मधी घातला न्हाय, आता घालून कसा चालंल?" परतीच्या वाटेवर मी बोटांवर उरलेले दिवस मोजत होते.

भांडण दुसऱ्या दिवशी झालं. तीन फेजचे चार्जर यायला पाच आठवडे, आणि माझ्या तीन आठवड्यांतले पाच दिवस वहीत गेले होते. मी म्हटलं, तुमचं सगळं बरोबर असेल, पण तपासणीच्या दिवशी माझ्याकडे दाखवायला काय आहे? वही? काका शांतपणे म्हणाले, "त्या कंपनीवाल्याला फोन कर. खरा काय ता सांग. मुदत माग." मी म्हटलं, मुदत मागणाऱ्याला कोणी काम देत नाही. ते म्हणाले, "मंग गोदाम जालून दाखव. ता लवकर व्हईल."

त्याच आठवड्यात त्यांना चार दिवस दिवेआगरला जायचं होतं. मुलगी तिथे दिलेली. वादळात तिची नारळी-पोफळीची सगळी वाडी आडवी झाली होती. आता नवी रोपं माणसाएवढी झाली होती आणि दोन खोल्यांचं होमस्टेही निघालं होतं. जाताना त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. गोदामाच्या भिंतीवर गिरणीच्या काळचे तीन खटके होते, फेज बदलायचे. एका फेजच्या घरांनीही पुढे दुसऱ्या फेजची तार ओढून घेतली, त्यामुळे आमच्या भागात हे घरोघरी असतात. एक फेज गेला किंवा पंखा मंद झाला की खटका फिरवायचा आणि दुसऱ्या फेजवर जायचं. आम्हाला ते चूल पेटवण्याइतकं नैसर्गिक. काकांना मात्र त्या खटक्यांचा मनापासून तिटकारा. त्यांच्या मते फेज बदलणारा माणूस शेजाऱ्याच्या ताटात जेवतो. जाताना त्यांनी तिन्ही खटक्यांच्या मुठी स्क्रू काढून खिशात टाकल्या आणि घेऊन गेले. ऑफिसातल्या पोरींचा पंखा मंद व्हायचा, आणि त्या काकांना काय काय म्हणायच्या ते मी इथे लिहीत नाही.

काकांची गाडी वळणाआड गेली आणि मी त्या टॅबवाल्याला फोन केला. म्हटलं, तुमचे तीन सिंगल फेज चार्जर चाचणीला आणा. त्याने दुसऱ्याच दिवशी आणले, शहाण्यासारखे भिंतीवरच्या खटक्यांमधून तीन वेगवेगळ्या फेजवर लावले. दोन दिवस छान चाललं. बॅटऱ्या भरल्या, सुगंधाने तिन्ही गाड्या पळवल्या, आणि मला वाटलं म्हातारा उगाच चार दिवस चहा प्यायला.

तिसऱ्या दिवशी शनिवार आला. मुंबईची गर्दी उतरली, होमस्टे भरली, निळ्यावरचे सगळे एसी एकदम सुरू झाले. सातच्या सुमाराला निळ्यावरचा चार्जर टीं-टीं करून बंद पडला. सुगंधा म्हणाली, "ताई, काकांना फोन लावू?" मी म्हटलं, एवढ्यासाठी काय फोन. मुठी नव्हत्या, म्हणून हत्यारांच्या पेटीतून पकड घेतली, खटक्याचा दांडा धरला आणि तो चार्जर लाल्यावर फिरवला. चालू झाला. मला फार बरं वाटलं.

अर्ध्या तासात पिवळ्यावरचा बंद पडला. कारण साधं होतं. गावात निळ्यावर ज्यांचे पंखे मंद झाले, त्या सगळ्यांनी आपापले खटके फिरवून पिवळ्यावर उड्या मारल्या होत्या. माझ्यासारखीच हुशार माणसं घरोघरी. मी पुन्हा पकड घेतली आणि तोही लाल्यावर फिरवला. तीन चार्जर एका फेजवर. पंधरा मिनिटांत ऑफिसातल्या ट्यूबा दिवसासारख्या पांढऱ्या पडल्या. पंखा इतक्या जोरात फिरायला लागला की टेबलावरची चलनं उडाली. कॉम्प्युटरमधून फट् असा आवाज आला, मग कॅमेऱ्यांच्या पेटीतून, मग पाण्याच्या कूलरमधून. जळक्या वासाने आम्ही बाहेर धावलो. त्यावेळी मुख्य स्विच कोणी पाडला असेल तर दिनेशने. माझ्या भावाने आयुष्यात धावत जाऊन केलेलं ते पहिलं काम, आणि ते त्याने वेळेवर केलं.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले. माझ्याकडे बघितलं नाही, मीटरपेटी उघडली आणि आतून एक काळा ठिक्कर पडलेला तांब्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"न्यूट्रल. करंटची परतीची तार," ते म्हणाले. "तिगं तीन फेजवर असली का त्यांचं आपसान मिटतं, न्यूट्रलला फार काम न्हाय. तिगांना एकावर घातलंस का सगला करंट परत जायाला ती एकच वाट. आनि ही तार तुज्या बापाच्या गिरनीची. गिरनीची मोटर तिनी फेजवर चालायची, तिला न्यूट्रल लागायचाच न्हाय, म्हनून बारीक घातलेली. ती जलली. न्यूट्रल गेला का व्होल्टेजला मालक ऱ्हात न्हाय. ज्याच्यावर भार कमी, त्याच्या घरान चारशे."

"म्हणून लाल्यावरचे चार्जर शाबूत आणि दुसऱ्या फेजवरचं ऑफिस जळलं," मी म्हटलं.

"व्हय." तो तुकडा परत घेऊन म्हणाले, "ती बारीक तार मीच घातलेली, बाय. तवा पुरत व्हती. जायच्या आधी मना सांगाया पायजे व्हतं. मुठी काडून नेल्या आनि वाटलं झालं."

मग ते नव्या तारेचं माप घ्यायला वाकले. पकड मी उचलून ठेवायचं विसरले होते. ती त्यांच्या पायाशीच पडली होती.

तपासणीला सात दिवस उरले होते. काकांनी जाड न्यूट्रल टाकला, कॉम्प्युटर मी नवा आणला, टॅबवाला आपले चार्जर घेऊन गेला. दिनेशने लॉनच्या गवताचे नमुने मागवले आणि ते माझ्याच टेबलावर ठेवले.

कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, हातात छापील यादी. बॅटरीच्या गाड्या उभ्या, चार्जर नाहीत, भिंतीवर जळल्याचा डाग. त्याने विचारलं, "काय झालं?" दिनेशने लगेच सुरुवात केली, "साहेब, वरूनच व्होल्टेज जास्त आलं. आमच्याकडे नेहमीचंच..." आमच्या भागात हे उत्तर सगळीकडे चालतं, आणि ते खोटं आहे असं कोणी सिद्धही करत नाही. काका कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. ते माझ्याकडे बघतही नव्हते, छताकडे बघत होते.

मी म्हटलं, "वरून काही आलं नाही. मी फेजचे खटके फिरवले. काकांनी मुठी काढल्या होत्या, मी पकडीने फिरवले. न्यूट्रल जळला."

दिनेशने कपाळाला हात लावला. कंपनीच्या माणसाने यादी बाजूला ठेवली. "मग आता काय करणार आहात?" त्याने विचारलं. काकांनी वही पुढे केली. त्याने ती पानापानाने वाचली: सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि शेवटच्या पानावर तीन घरच्या बायकांची साक्ष, फ्रिजसकट. मग काकांना दोन-तीन प्रश्न विचारले, सिंगल एकच का, तो लाल्यावरच का. शेवटी मला म्हणाला, "गेल्या वर्षभरात पाच गोदामं बघितली. तीन ठिकाणी असंच जळलेलं होतं. तिन्ही ठिकाणी वरून आलं होतं." त्याने यादीवर काहीतरी लिहिलं. "डिसेंबरच्या गर्दीच्या आधी पुन्हा येतो. तेव्हा मात्र चालू पाहिजे."

गवताचे नमुने मी दिनेशला परत दिले.

मागवलेले तीन फेजचे दोन चार्जर पाच आठवड्यांनी आले, लाल्यासाठी एक सिंगलही आला, भारही मंजूर झाला, रांगेत आमचा नंबर आला तेव्हाच. काकांनी जागाही खाडीकडच्या खिडक्यांपाशी निवडली. चार्जिंगच्या वेळी त्या खिडक्या बंद करायच्या नाहीत, पाऊस आत आला तरी. "बॅटरी जेवली का ग्यासची ढेकर देते. त्या ढेकरीला ठिनगी मिलाली तर पत्रं पेनला सापडतील." भिंतीवरचे फेज बदलायचे खटके त्यांनी स्वतः उखडले आणि भोकं सिमेंटने बुजवली.

मग सुगंधाला शिकवायला बसले, मला नाही. कुठला स्विच आधी, कुठला नंतर, एक फेज गेला तर काय बघायचं, कुणाला फोन करायचा, किती वेळ थांबायचं. तिच्याकडून दहा-दहा वेळा म्हणून घेतलं. मी जरा दुखावून विचारलं, "मालकीण मी आहे. मला का नाही शिकवत?"

"तू मालकीन हास म्हनूनच," काका म्हणाले. "तुजा माल अडलेला असतो. ज्याचा माल अडला, त्याचा हात पेटीवर नको. सुगंधाला घाई न्हाय, तिला पगार म्हैन्याचा."

सुगंधा म्हणाली, "आणि तो पण उशिरा."

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी पिवळा गेला. यात नवल काही नाही. आमच्याकडे तपासणी नसती तरी गेलाच असता. दोन मोठे चार्जर बंद पडले. कंपनीचा माणूस आमच्याकडे बघायला लागला. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. सुगंधा पेटीशी गेली, बघितलं, फोन केला आणि येऊन उभी राहिली. लाल्यावरचा तिसरा चार्जर कोपऱ्यात घूंऽऽ करत चालू होता. पाऊण तासाने पिवळा आला, मोठे दोन्ही आपोआप सुरू झाले. तेवढ्या वेळात काकांनी त्या माणसाला दोन कप चहा पाजला आणि तो मूळ कुठल्या गावचा, त्याच्या घरी दिवसातून किती वेळा लाइट जाते, हे काढून घेतलं. काम आम्हाला मिळालं. सोळांची आता तेवीस माणसं झालीत. दिनेश ट्रकची बाजू बघतो, आणि मधून मधून धावतोही.

काका पुढे दिवेआगरलाच राहायला गेले. मुलगी सांगायची, तिथेही आठ दिवसांत सगळं गाव फेजवर वाटून मोकळे झाले. गेल्या शिमग्यानंतर ते वारले. आम्ही गेलो होतो, सुगंधाही आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माल उतरायचा होता, म्हणून रात्रीच परत आलो.

गोदाम चालू आहे. झावळ्या पडतात, फेज जातात. लाइट गेली की मी अजून खुर्चीतून उठते. सुगंधा वळून नुसती बघते. मी बसते.